वेरूळ : सहलीचे स्थळ की पाठाचे? – अभियांत्रिकी व अभिकल्प शिक्षणातील शाश्वतताविचाराची समीक्षा

प्रस्तावना

वेरूळच्या लेण्यांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे गट नेहमी दिसतात. अभियांत्रिकी, वास्तुकला आणि अभिकल्प अर्थात डिझाइन या विद्याशाखांचे विद्यार्थी शैक्षणिक सहलीच्या निमित्ताने येथे येतात. कैलास लेण्याच्या प्रांगणात समूहछायाचित्र काढले जाते, मार्गदर्शक काही आख्यायिका सांगतो आणि परतल्यावर सहलीचा अहवाल सादर होतो. एकूण ३४ लेणी, त्यांपैकी १२ बौद्ध, १७ हिंदू व ५ जैन, १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश, असा तपशील त्या अहवालात असतो. याच विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात पर्यावरणविषयक एक सक्तीचा विषयही असतो आणि त्यात शाश्वत विकासाची व्याख्या पाठ केली जाते. सहल आणि विषय या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे मात्र सहलीत जाणवत नाही आणि उत्तरपत्रिकेतही उमटत नाही.

प्रस्तुत लेखात या तुटलेपणाचा विचार केला आहे. शाश्वतता हा अभ्यासक्रमात वरून जोडावयाचा विषय नसून ती घटकांमधील संबंधांविषयीची, सीमेविषयीची आणि काळाविषयीची विचारपद्धती आहे, हे येथील मुख्य प्रतिपादन होय. ही विचारपद्धती अभियांत्रिकीला परकी नाही. तिची साधने त्याच अभ्यासक्रमाच्या इतर विषयांत आधीपासून शिकविली जातात. प्रश्न आहे तो ती साधने वर्गाच्या चार भिंतींबाहेर नेण्याचा. त्यासाठी वेरूळ हे उत्तम स्थळ आहे. परंतु त्याकडे केवळ आश्चर्य म्हणून पाहिल्यास तेथेही काही हाती लागत नाही.

अभ्यासक्रमाचे वाचन

कोणताही अभ्यासक्रम ही एक संहिता असते. तिच्यात काय आहे याबरोबरच ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कप्प्यांत मांडले आहे, यावरूनही विद्यार्थी काही शिकत असतो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या निर्देशांमुळे पर्यावरण शिक्षण सक्तीचे होण्याचा मार्ग खुला झाला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरावर सर्व विद्याशाखांसाठी सहा महिन्यांचा गाभा-अभ्यासक्रम तयार केला आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे एरच भरुचा यांनी लिहिले. कला, वाणिज्य, विज्ञान व तंत्रशास्त्र या सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना पर्यावरणाची एक समान परिभाषा मिळाली, हे या अभ्यासक्रमाचे श्रेय निर्विवाद आहे.

त्याची रचना मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. ८ घटक आणि ५० तासिका. विषयाचे बहुशाखीय स्वरूप, नैसर्गिक संसाधने, परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, सामाजिक प्रश्न, लोकसंख्या आणि शेवटी क्षेत्रकार्य. यांतील 'पाणी' हा एकच विषय घेतला तर तो चार ठिकाणी विभागलेला दिसतो. जलसंपदा व धरणांचे लाभ-तोटे दुसऱ्या घटकात येतात, जलीय परिसंस्था तिसऱ्यात, जलप्रदूषण पाचव्यात, तर पर्जन्यजलसंचय व पाणलोट व्यवस्थापन सहाव्यात. संसाधन म्हणून पाणी, अधिवास म्हणून पाणी, दूषित पाणी आणि सामाजिक प्रश्न म्हणून पाणी ही जणू चार निरनिराळी द्रव्ये असावीत, अशी ही मांडणी आहे. डोंगरावर पडणारा पाऊस, विहिरीची पातळी, शेतातील पीक आणि शहराचे सांडपाणी ही एकाच पाण्याची वाटचाल आहे, ही गोष्ट चारही घटक वाचून होतात तरी विद्यार्थ्यासमोर एका दृष्टिक्षेपात येत नाही. हा संबंध जोडण्याचे काम क्षेत्रकार्याने केले असते. परंतु त्याच्या वाट्याला ५० पैकी ५ तासिका आणि शेवटचा क्रमांक आला. सत्राच्या अखेरीस ज्या घटकावर प्रथम कात्री चालते, तो हाच होय, हे अध्यापकवर्गाला सांगावयास नको.

तंत्रशिक्षणातील पुढील टप्पा याहून बोलका आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीसाठी एकूण १६० श्रेयांक ठरविण्यात आले आणि पर्यावरणशास्त्र हा विषय सक्तीचा, परंतु श्रेयांकाविना ठेवण्यात आला. त्याच गटात भारतीय संविधान आणि भारतीय पारंपरिक ज्ञानाचे सार हे विषयही होते. ज्या विषयाला श्रेयांक नाही तो महत्त्वाचा आहे, असे विद्यार्थ्याला कितीही सांगितले तरी तो अभ्यासक्रमाचा मजकूर न वाचता त्याचा हिशेब वाचतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या आराखड्यात पर्यावरण शिक्षणासाठी ४ श्रेयांकांची तरतूद झाली, ही स्वागतार्ह सुधारणा आहे. तथापि श्रेयांक वाढणे आणि रचना बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तिसरी संहिता अधिस्वीकृतीची. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य झाला. त्यानंतरच्या दशकात नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनने अपेक्षिलेल्या १२ निष्पत्तींपैकी सातवी निष्पत्ती पर्यावरण व शाश्वतता ही होती. तत्त्वतः ही मांडणी योग्य दिशेची होती, कारण तीत शाश्वतता एका विषयात न कोंडता संपूर्ण पदवीची निष्पत्ती मानली होती. व्यवहारात मात्र तिचे रूपांतर तक्त्यात झाले. प्रत्येक विषयाच्या ओळीत आणि सातव्या निष्पत्तीच्या स्तंभात १, २ किंवा ३ असा अंक भरला की विषय शाश्वततेशी जोडला गेला! यंत्र अभिकल्पाच्या विषयासमोर २ हा अंक लिहिणाऱ्या अध्यापकाला तो अंक कोणत्या तासिकेत, कोणत्या उदाहरणाने कमावला, हे तक्ता विचारत नाही. कप्पे होते तसेच राहिले. त्यांच्यावर एक जाळी तेवढी अंथरली गेली.

अभियांत्रिकीतच असलेली साधने

प्रणालीविचार ही व्यवस्थापनशास्त्रातून आलेली नवी टूम आहे, असा एक समज आढळतो. वस्तुस्थिती उलट आहे. या विचाराला आजचे उपयोजित रूप देणाऱ्यांपैकी जे फॉरेस्टर हे मूळचे विद्युत अभियंता होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे त्यांनी स्वयंनियंत्रित यंत्रणांवर काम केले. यंत्रणेतील प्रत्याभरणाची, म्हणजे निर्गत परिणाम पुन्हा आगत बाजूला येऊन यंत्रणेचे वर्तन बदलतो या तत्त्वाची कल्पना त्यांनी १९५० च्या दशकात उद्योगांना आणि पुढे नगरांना व जगाला लागू केली. त्यांच्याच पद्धतीच्या आधारे डोनेला मेडोज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये 'लिमिट्स टु ग्रोथ' हा अहवाल सिद्ध केला. म्हणजे जगभरच्या शाश्वतताविषयक चर्चेचे एक मूळ अभियंत्याच्या नियंत्रणकक्षात आहे.

आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थीही ही साधने शिकतो. उष्मागतिकीच्या पहिल्याच तासिकेला प्रणाली, तिची सीमा आणि सीमेबाहेरचा परिसर या तीन संज्ञांच्या व्याख्या फळ्यावर येतात. सीमा कोठे आखावी हा अभियंत्याचा निर्णय असतो आणि ती बदलली की ऊर्जेचा ताळेबंद बदलतो, हे तो उदाहरणे सोडवून शिकतो. नियंत्रण प्रणाली या विषयात तो प्रत्याभरणाच्या आकृत्या काढतो आणि प्रतिसादाला विलंब झाला तर स्थिर भासणारी यंत्रणाही कशी हेलकावे खाऊ लागते, ते गणिताने सिद्ध करतो. द्रवगतिकीत तो साठा आणि प्रवाह यांचा हिशेब मांडतो. योगायोग असा की, महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळेत याच मुलाने 'परिसर अभ्यास' नावाचा विषय शिकलेला असतो. लहानपणी भेटलेला परिसर आणि उष्मागतिकीतील परिसर हे दोन्ही शब्द त्याला ठाऊक असतात. ते एकच आहेत, ही गोष्ट सोळा वर्षांच्या शिक्षणात त्याला कोणीही सांगत नाही.

या अज्ञानाची किंमत सैद्धांतिक नाही, हे मराठवाड्यातील शेततळ्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवून ते टंचाईच्या काळात वापरावे, हा शेततळ्याचा मूळ हेतू. प्लॅस्टिकचे अस्तर लावलेली मोठी तळी आली, तेव्हा अनेक ठिकाणी ती पावसाच्या पाण्याने न भरता विहिरी व कूपनलिका उपसून भरली जाऊ लागली. एका शेतकऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा आहे. जमिनीखालचे पाणी सर्वांचे असते, तळ्यात आलेले पाणी त्याचे स्वतःचे होते. परंतु भूगर्भातील सामाईक साठा त्यामुळे लवकर उतरतो, उघड्या तळ्यातील पाण्याची वाफ होते, अस्तरामुळे ते पुन्हा जमिनीत मुरतही नाही. शेजाऱ्याची विहीर आटते, तोही तळे खोदतो, उपसा आणखी वाढतो. तळ्याच्या खड्ड्याचे आकारमान, भरावाचा उतार आणि अस्तराची जाडी यांची आकडेमोड स्थापत्य अभियंत्याने अचूक केलेली असते. चूक असते ती सीमेची. तिने तळे आत घेतलेले असते आणि भूजल बाहेर ठेवलेले असते. शाश्वत विकासाची व्याख्या पाठ असलेला अभियंताही येथे चुकतो, कारण त्या व्याख्येत सीमा कशी आखावी हे कोठेही सांगितलेले नाही.

वेरूळ : वस्तू आणि प्रणाली

या पार्श्वभूमीवर वेरूळकडे पुन्हा पाहता येईल. कैलास लेणे ही एक वस्तू म्हणून पाहण्याची सवय सर्वांनाच आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरीत सुमारे ३० मीटर उंचीचे मंदिर मोकळे करण्यात आले. नवव्या शतकाच्या प्रारंभीच्या बडोदे ताम्रपटात या मंदिराचा गौरव आला असून, ते निर्माण करणाऱ्या शिल्पीलाच आपण हे कसे केले याचा विस्मय वाटला, अशा आशयाचे वर्णन त्यात आहे. विस्मयाची ही परंपरा तेव्हापासून अखंड आहे. परंतु विस्मय ही अध्यापनाची सुरुवात असू शकते, शेवट असू शकत नाही.

अभिकल्पाच्या दृष्टीने पाहिल्यास कैलासाचे वेगळेपण बांधकामाच्या क्रमात आहे. रचून उभारलेल्या इमारतीत चुकीचा दगड काढून दुसरा बसविता येतो. कोरीव कामात एकदा काढलेला दगड परत येत नाही. शिखर प्रथम आणि पाया शेवटी असा क्रम असल्यामुळे खालच्या मजल्याचा निर्णय वरचे काम सुरू होण्यापूर्वीच पक्का असावा लागतो. हत्तींच्या थरासाठी, प्रदक्षिणापथासाठी, दोन भागांना जोडणाऱ्या सेतूसाठी दगड राखून ठेवावा लागतो. अपरिवर्तनीय निर्णय कोणते आणि नंतर सुधारता येण्याजोगे कोणते, हा भेद ओळखणे हा शाश्वत अभिकल्पाचा गाभा आहे. धरणाची जागा, औद्योगिक वसाहतीचे स्थान, शहराच्या नाल्यांची दिशा हे सर्व निर्णय कोरीव कामाच्या जातीचे असतात. पुढच्या पिढ्यांना त्यांच्यातच राहावे लागते.

आता सीमा थोडी रुंदावली की खडक आणि पाणी आत येतात. ही लेणी दख्खनच्या बेसाल्टमध्ये आहेत. लाव्ह्याचे आडवे थर, त्यांच्यामधील सांधे आणि भेगा यांतून पावसाचे पाणी झिरपते. लेणी ज्या कड्यात कोरली आहेत, त्याच्या माथ्यावरील ओढे पावसाळ्यात कड्यावरून खाली कोसळतात. २९ व्या लेण्याजवळचा धबधबा पाहण्यासाठी पर्यटक मुद्दाम थांबतात. जे पाणी पर्यटकाला रमणीय वाटते, तेच भेगांत शिरून कोरीव कामाचे नुकसान करणारे असते. आणि त्याच पाण्याच्या आधाराने येथे एके काळी भिक्षूंचे वर्षावास होऊ शकले, कारण पाण्याशिवाय कोणताही विहार वसत नाही. एकाच घटकाच्या या तीन भूमिका आहेत. वर उल्लेखिलेल्या अभ्यासक्रमात पाणी चार घटकांत विखुरलेले आहे. वेरूळच्या कड्यावर ते एकाच ओघात पाहावयास मिळते.

दहावे, विश्वकर्मा लेणे अभिकल्पाच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रश्न उभा करते. स्थानिक लोक त्यास 'सुतार का झोपडा' म्हणतात. या चैत्यगृहाच्या छतावर दगडातच फासळ्यांसारखे वासे कोरलेले आहेत. लाकडी छताला वाशांची गरज असते. अखंड दगडाला ती नसते. द्रव्य बदलले, कार्य संपले, परंतु रूप मागे राहिले. हे केवळ अनुकरण मानावे, की पाहणाऱ्याच्या ओळखीची उभारणी करणारा सहेतुक निर्णय मानावा, यावर वर्गात उत्तम चर्चा होऊ शकते. चार्ल्स व रे ईम्स यांनी १९५८ च्या आपल्या भारतविषयक अहवालात लोट्याचे उदाहरण घेऊन, तो कोणा एकाची निर्मिती नसून पिढ्यांच्या वापरातून घडलेला आहे, असे दाखविले होते. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय अभिकल्प संस्था स्थापन होण्यामागे त्या अहवालाची प्रेरणा होती. लोट्याविषयी जे प्रश्न विचारले गेले, म्हणजे तो धरावयाचा कसा, रिता व भरलेला असताना त्याचा तोल कसा, घासावयाचा कसा, किंमत काय, ते सर्व वस्तूच्या सीमेबाहेर नेणारे प्रश्न होते. दुर्दैवाने अभिकल्पाच्या वर्गांत लोट्याचे छायाचित्र राहिले आणि प्रश्न मागे पडले.

याच सहलीत विद्यार्थी बहुधा शहरातील पाणचक्कीही पाहतात. तेथेही लक्ष फिरणाऱ्या चाकाकडे जाते. डोंगराकडील उगमापासून भूमिगत नळांतून येणारे पाणी दिसत नसल्याने ते विसरले जाते. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या प्रारंभी या शहरासाठी घालून दिलेली नहर-व्यवस्था ही खरी अभियांत्रिकी कामगिरी असली, तरी छायाचित्र चाकाचे निघते. दृश्य वस्तूकडून अदृश्य जोडणीकडे लक्ष वळविणे, हेच प्रणालीविचाराच्या अध्यापनाचे पहिले काम आहे.

गौरवाचा धोका

येथे एका दुसऱ्या प्रवृत्तीची दखल घेणे आवश्यक आहे. पर्यावरणाचा विषय रुक्ष वाटतो म्हणून त्याला परंपरेच्या गौरवाची जोड देण्याकडे अलीकडे कल आहे. 'आमच्या पूर्वजांना शाश्वतता ठाऊक होती' या वाक्याने तासिका रंगते. परंतु ती तेथेच संपते.

२०१६ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात राजदेव सिंह व मिलिंद सरदेसाई यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वेरूळ येथील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या वनस्पतीचे अंश आढळले असून, कीटकांपासून गिलाव्याचे रक्षण होण्यास त्यांची मदत झाली असावी, असे त्यात दाखविण्यात आले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ही वनस्पती नसल्याची तुलनाही त्यात होती. द्रव्यशास्त्राच्या कोणत्याही अध्यापकाने आवर्जून वापरावे असे हे संशोधन आहे. परंतु त्याचे 'भांगेमुळे लेणी टिकली' असे सुलभीकरण झाले की प्रणाली पुन्हा एका घटकात कोसळते. गिलाव्याचे टिकणे हे वनस्पतितंतू, माती, खडकाचा ओलावा, हवेतील आर्द्रता आणि माणसांचा वावर या सर्वांच्या संबंधातून ठरते. वेरूळच्या चित्रांचे आज मोजकेच अवशेष उरले आहेत, ही वस्तुस्थितीही त्याच वर्गात सांगितली पाहिजे. जे टिकले त्याच्या कारणांइतकाच जे टिकले नाही त्याच्या कारणांचा अभ्यास महत्त्वाचा असतो.

लेण्यांतही अपूर्ण कामे आहेत. तीसव्या क्रमांकाचे 'छोटा कैलास' पूर्णत्वास गेले नाही. राजाश्रय, कारागीर, धान्याचा पुरवठा आणि राजकीय स्थैर्य यांपैकी कोणता ओघ आटल्याने एखादे काम थांबले, हा प्रश्न विद्यार्थ्याला पूर्ण झालेल्या कैलासापेक्षा अधिक शिकवू शकतो. शिवाय एवढा दगड कोणाच्या श्रमाने हलला, त्या माणसांची नावे इतिहासात का नाहीत, हा प्रश्न गौरवपर मांडणीत नेहमी सीमेबाहेर राहतो. शाश्वततेच्या विचारातून श्रम वगळणे हा त्या विचाराचाच पराभव होय.

आधुनिक काळातील हस्तक्षेपही यास अपवाद नाहीत. अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटलीतील तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा स्थिर केला. परंतु चित्रांवर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळट व काळसर पडला आणि तो काढणे हेच नंतरच्या जतनकर्त्यांचे मोठे काम होऊन बसले. हेतू शुद्ध, कौशल्य उच्च प्रतीचे आणि तात्कालिक परिणाम उत्कृष्ट असूनही, विलंबाने प्रकटणारा परिणाम कोणी विचारात घेतला नव्हता. नियंत्रण प्रणालीच्या तासाला शिकविल्या जाणाऱ्या विलंबाचे याहून ठळक उदाहरण या जिल्ह्यात दुसरे सापडणे कठीण. प्राचीन ते सर्व शाश्वत आणि आधुनिक ते सर्व विनाशक, अथवा याच्या उलट, ही दोन्ही समीकरणे या एका उदाहरणापुढे टिकत नाहीत.

अध्यापनाची एक शक्य रीत

उपरोक्त विवेचनावरून नव्या विषयाची मागणी करणे सोपे आहे. परंतु त्याने आणखी एक कप्पा वाढेल. याऐवजी अस्तित्वात असलेल्या सहलीचाच उपयोग करता येईल. विद्यार्थ्यांना कैलास लेण्यापुढे एकच प्रश्न द्यावा : हे आणखी एक हजार वर्षे टिकावे म्हणून काय करावे लागेल? आणि त्याचे उत्तर तीन निरनिराळ्या सीमा आखून मागावे.

पहिल्या सीमेत केवळ मंदिर व त्याचे प्रांगण असेल. उघड्या खड्ड्यात पडणारे पावसाचे पाणी कोठून बाहेर पडते, ओल कोठे धरते, भेगा कोणत्या दिशेने जातात, हे विद्यार्थी आरेखनासह नोंदवतील. दुसऱ्या सीमेत डोंगरमाथा व ओढे येतील. माथ्यावरील झाडोरा, चराई आणि बांधकाम यांचा पाण्याच्या ओघावर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहावे लागेल. तिसऱ्या सीमेत वेरूळ गाव, घृष्णेश्वराला येणारे भाविक, महामार्गावरील वाहने, दुकाने, कचरा आणि गावाचा पाणीपुरवठा येईल. पर्यटक वाढले की उत्पन्न वाढते, उत्पन्नामुळे सुविधा वाढतात, सुविधांमुळे पर्यटक वाढतात; परंतु त्याबरोबर पाण्याची मागणी आणि लेण्यांवरील ताणही वाढतो, हे चक्र विद्यार्थ्याने स्वतः काढले की प्रत्याभरण ही संज्ञा त्याला पुन्हा पाठ करावी लागत नाही. पहिल्या सीमेत योग्य ठरलेला उपाय तिसऱ्या सीमेत अयोग्य ठरतो का, हा या स्वाध्यायाचा कळीचा प्रश्न राहील.

अशा पद्धतीला महाराष्ट्रात पूर्वाधार आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण तंत्रज्ञान-पर्याय केंद्राने विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष गावांत नेऊन नळयोजना, पाणलोट, ऊर्जा अशा प्रश्नांचा अभ्यास श्रेयांकांसह करण्याची वाट घालून दिली. तेथील अनुभवाचा महत्त्वाचा धडा असा की, बंद पडलेल्या नळयोजनेचे कारण शोधणारा विद्यार्थी पंपापासून सुरुवात करतो आणि वीजबिल, पाणीपट्टी, ग्रामपंचायत व उन्हाळ्यातील विहिरीची पातळी यांपर्यंत पोहोचतो. नळयोजना दुरुस्त होवो वा न होवो, त्याची सीमा रुंदावलेली असते.

मूल्यमापनाचा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. 'शाश्वत विकासाची व्याख्या लिहा' या प्रश्नाला गुण देणे सोपे आहे. विद्यार्थ्याने काढलेल्या चक्राकृतीला गुण देणे कठीण आहे. तरीही काही निकष स्पष्ट आहेत. विद्यार्थ्याने सीमा का आखली याचे कारण दिले आहे का, किमान एक विलंबित परिणाम ओळखला आहे का, उपायाचा भार कोणावर पडतो हे सांगितले आहे का, आणि देखभाल कोण करील याचे उत्तर दिले आहे का? या चार निकषांवर दोन परीक्षकांचे गुण फारसे भिन्न येऊ नयेत.

काही आक्षेप

या मांडणीवर तीन आक्षेप संभवतात. पहिला वेळेचा. सत्रपद्धतीत चाचण्या, प्रात्यक्षिके व अधिस्वीकृतीची कागदपत्रे यांतून अध्यापकाला उसंत नसते, हे खरे आहे. परंतु सहल आजही काढली जाते आणि अहवाल आजही लिहिला जातो. बदलावयाचा आहे तो अहवालाचा प्रश्न. दुसरा आक्षेप अध्यापकाच्या तयारीचा. पर्यावरणाचा विषय बहुधा ज्याचा कार्यभार कमी पडतो त्याच्याकडे जातो. त्याऐवजी उष्मागतिकी शिकविणारा, भूशास्त्र जाणणारा आणि इतिहासाचा असे तीन अध्यापक एका दिवसासाठी एकत्र आले तर तिघांपैकी कोणालाही सर्वज्ञ असण्याची गरज राहणार नाही. एकाच परिसरात अनेक विद्याशाखा असलेल्या महाविद्यालयांना हे विशेष सुलभ आहे. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : सर्व काही सर्वांशी जोडलेले आहे असे म्हटल्यावर अभियंता निर्णय घेणार कसा? यास उत्तर असे की, प्रणालीविचार सीमा पुसण्यास सांगत नाही. ती जाणीवपूर्वक आखण्यास आणि तिच्याबाहेर काय ठेवले याची जबाबदारी घेण्यास सांगतो. उष्मागतिकीचा विद्यार्थीही सीमा आखल्यावाचून एकही उदाहरण सोडवू शकत नाही.

समारोप

पर्यावरण व शाश्वतता यांविषयी गेल्या दोन दशकांत अभ्यासक्रम आले, श्रेयांक आले, तक्ते आले. यांपैकी प्रत्येकाने विषयाला जागा दिली. परंतु ज्या संबंधांमुळे तो विषय विषय ठरतो, ते संबंध कप्प्यांच्या भिंतींत अडकून राहिले. दुसरीकडे परंपरेच्या गौरवाने विद्यार्थ्याला अभिमान दिला, प्रश्न दिला नाही. याचे परिणाम वर्गात राहत नाहीत. आज सहलीला येणारे विद्यार्थीच उद्या या विभागातील पाणीयोजना, औद्योगिक वसाहती आणि रस्ते आखणार आहेत, आणि ज्या मराठवाड्यात २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेथे सीमा चुकविणे परवडणारे नाही.

वेरूळचे लेणे टिकले ते केवळ कारागिराच्या छिन्नीमुळे नव्हे, केवळ बेसाल्टमुळे नव्हे आणि केवळ गिलाव्यामुळेही नव्हे. ते जेथे टिकले तेथे या सर्वांचा मेळ होता. जेथे ढासळले तेथे त्यांपैकी एखादा धागा तुटला होता. कैलासासमोर उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याने 'हे कसे केले असेल' या प्रश्नाबरोबर 'हे कशाकशावर उभे आहे' हाही प्रश्न विचारला, तर सहलीचे सार्थक होईल. तो प्रश्न त्याला सुचावा, याची जबाबदारी अभ्यासक्रमाइतकीच त्याच्यासोबत बसमधून आलेल्या अध्यापकावर आहे.